नकाशांतील सीमारेषा

‘सीमा’ हा शब्द मराठी मनुष्यास नवा नाहीं. दसऱ्यास तो सीमोल्लंघन करतो, खरेदीखतांत चतुःसीमा लिहून घेतो, आणि भंडारा जिल्ह्यांतील शेतकरी असेल तर धानाच्या बांधींत उतरतांना रोज शेजाऱ्याचा धुरा पाहतो. गांवाची ती शीव, शेताचा तो धुरा, कचेरींतील ती हद्द. हीच वस्तु कागदावर आली म्हणजे तिला सीमारेषा हें नांव मिळतें, आणि नांवाबरोबर तिचा अर्थहि थोडा बदलतो. तो बदल ध्यानांत न आल्यामुळें पुष्कळ शेजाऱ्यांत वितुष्ट येतें. म्हणून त्याचा विचार करणें अगत्याचें आहे.

आलेखनाच्या शास्त्रांत रेषा ही एक लिपि आहे. वस्तूची दिसणारी कड सलग रेषेनें दाखवितात, झांकलेली कड तुटक रेषेनें, आणि मध्यरेषा लांब तुकडा व बिंदु अशा क्रमानें. जिल्ह्याची किंवा राज्याची सीमाहि बहुधा तुकडे व बिंदु यांनींच काढतात. तेथें सलग रेषा ओढली तर पाहणाऱ्यास रस्ता, भिंत किंवा ओढा आहे असें वाटेल; वास्तविक जागेवर तसें कांहींच उभें असेल असा नेम नाहीं. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यांतून गोंदिया जिल्हा निराळा झाला, तेव्हां नकाशावर नवी जिल्हासीमा उमटली. पण त्यामुळें कोणाची एक बांधीहि जागची हालली नाहीं. ती केवळ अधिकाराची सीमा होय.

शेताच्या सीमेची गोष्ट वेगळी. तिच्या दोन्ही बाजूंस दोन मालक असतात, आणि धुऱ्यावर तूर पेरण्याची चाल असल्यामुळें धुऱ्यालाहि मोल असतें. पूर्वीं भंडारा जिल्हा मध्यप्रांतांत मोडत असे. त्या प्रांतांत गांवांचे नकाशे सामान्यतः एका मैलास १६ इंच या प्रमाणावर काढीत. म्हणजे कागदावरील एक इंच जमिनीवर ३३० फूट होतो. भूमितीच्या व्याख्येप्रमाणें रेषेस लांबी असते, रुंदी नसते. शाईच्या रेषेस मात्र रुंदी असतेच. इंचाच्या पन्नासाव्या भागाएवढी ती जाड असली, तरी जमिनीवर ६.६ फुटांचा पट्टा तिच्याखालीं झांकला जातो. अशी एक इंच रेषा घेतली तर तिच्याखालीं २१७८ चौरस फूट, म्हणजे बरोबर पांच डिसिमल जमीन येते. या पट्ट्यांत खरी सीमा नेमकी कोठें आहे, हें ती रेषा एकटी सांगूं शकत नाहीं. नकाशाची मोठी प्रत काढून उपयोग नाहीं. शेताबरोबर रेषाहि मोठी होते. तेव्हां नुसत्या नकलेवर फूटपट्टी ठेवून तीन फुटांकरितां भांडणारा मनुष्य शाईच्या रुंदीकरितां भांडत असतो.

मग सीमारेषेचा उपयोग काय? शेताचा आकार कसा, कोपरे किती, शेजारी कोण, हें ती सांगते. नेमकी जागा ठरते ती कायम खुणांवरून व त्यांपासून घेतलेल्या मापांवरून. गंटरची साखळी ६६ फुटांची, तिच्या कड्या १००, आणि अशा दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. साखळीचा आंकडा लिहिला म्हणजे त्यास शाईची जाडी बाधत नाहीं. याच कारणास्तव सीमेचा दगड महत्त्वाचा. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमानें सीमाचिन्हें सुस्थितींत राखण्याची जबाबदारी जमीनधारकावरच टाकली आहे, आणि तीं नष्ट करणाऱ्यास दंड सांगितला आहे. दगड उपटला गेला कीं निर्दोष नकाशाहि अर्धा मुका होतो.

हें प्राचीनांसहि ठाऊक होतें. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सीमावादाचें प्रकरण आहे. शिवेवर वड, पिंपळ, पळस, सांवर यांसारखीं झाडें लावावीं. शिवाय कोळसे, खापऱ्या, विटा, वाळू अशा लवकर न कुजणाऱ्या वस्तु जमिनींत गुप्तपणें पुरून ठेवाव्या, असें तेथें सांगितलें आहे. निकाल ज्येष्ठ महिन्यांत करावा, कारण त्या वेळीं खुणा स्पष्ट दिसतात.

धानाच्या मुलुखांत हा सल्ला आजहि लागू पडतो. पावसाळ्यांत बांध्या पाण्यानें भरल्या कीं दगड दिसत नाहींत. म्हणून श्रोत्यांपैकीं ज्यांचीं शेतें आहेत त्यांनीं उन्हाळ्यांतच शेजाऱ्यास बरोबर घेऊन धुऱ्यावरून एक फेरी मारावी व खुणा पाहून घ्याव्या. संशय राहिल्यास भूमि अभिलेख कार्यालयाकडून रीतसर मोजणी करवावी. मोजणीची ‘क’ प्रत हातीं आली कीं प्रथम खुणांची सूची वाचावी. वहिवाटीची रेषा कोणती व अभिलेखाची कोणती, हें समजून घेतल्यावांचून त्या प्रतीवरून वाद घालूं नये. आणि दोघांनाहि तो दगड दिसत असतांना, पहिल्या पावसापूर्वीं, धुरा दोघांनीं मिळून बांधून घ्यावा.