नमुन्याचा आकडा



कामगार चळवळीतल्या माणसाने बाँबफेकी विमानावर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. मी विमानविद्येचा पंडित नव्हे. पण नमुना कसा तयार होतो आणि त्याचे ओझे पुढे कोण वाहतो, हे मला या विमानाने दाखविले.

१९३४ साली इंग्लंडातील वृत्तपत्रांचे धनी लॉर्ड रॉदरमियर यांनी आपल्यासाठी युरोपातील सर्वांत वेगवान खाजगी विमान हवे असे मनात घेतले. ब्रिस्टल कंपनीचे अभियंते फ्रँक बार्नवेल यांनी त्याची आखणी केली. दोन इंजिने, सहा उतारू. १२ एप्रिल १९३५ रोजी फिल्टन येथे ते प्रथम उडाले. नाव ठेवले ‘ब्रिटन फर्स्ट’. जूनमध्ये सरकारी चाचणीत त्याचा वेग भरला ताशी ३०७ मैल! त्या वेळी हवाई दलाचे नवे लढाऊ विमान गाँटलेट ताशी २३० मैलांच्या घरात होते. लॉर्डसाहेबांनी ते विमान राष्ट्राला अर्पण केले. लष्करी नमुना उडण्याची वाटही न पाहता सरकारने त्याच वर्षी १५० बाँबफेकी विमानांची मागणी नोंदविली. हेच ते ब्लेनहाइम.

आता माझा प्रश्न असा की, ३०७ हा आकडा कोणाचा? ज्याच्या पोटात बाँब नव्हते, पाठीवर तोफची नव्हता, त्या विमानाचा! बाँबांना जागा करण्यासाठी पंख वर सरकवावे लागले, पाठीवर बंदुकीचा घुमट बसला, वजन वाढले. १९४० साली लढणाऱ्या ब्लेनहाइमचा कमाल वेग होता सुमारे २६६ मैल. समोरचे जर्मन मेसरश्मिट तोवर साडेतीनशेच्या आसपास पोहोचले होते.

१३ ऑगस्ट १९४० रोजी ८२ व्या तुकडीची १२ ब्लेनहाइम विमाने डेन्मार्कमधील ऑलबोर्ग विमानतळावर निघाली. रक्षणाला लढाऊ विमाने सोबत नव्हती. एक विमान वाटेतून परतले. उरलेल्या ११ पैकी एकही परतले नाही. प्रत्येकात तीन माणसे होती. तीन महिन्यांपूर्वी, १७ मे रोजी, याच तुकडीने १२ पैकी ११ विमाने गमावली होती.

बार्नवेल यांना मी दोष देत नाही. त्यांनी मागितले ते उत्तम करून दिले. दोष आहे तो रिकाम्या विमानाच्या आकड्यावर भरल्या विमानातील माणसांचा हिशेब मांडण्याचा.

आमच्या कारखान्यांत हेच चालते. नवे यंत्र, निवडक सूत, निवडक कारागीर घेऊन एक पाळी मोजतात आणि तोच आकडा वर्षभर साऱ्यांच्या माथी मारतात. जुने यंत्र, तुटका धागा, उन्हाळ्यातला उकाडा यांची नोंद त्या कागदावर नसते. उत्पादन कमी पडले की कामगार आळशी ठरतो.

म्हणून आपणांस एवढेच विनवितो. कोणी मोठा आकडा पुढे ठेवला, तर टाळी वाजविण्यापूर्वी विचारा : मोजताना पाठीवर ओझे किती होते?