जुन्या मोटारीचा दम



कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली १०८९ सी.सी.ची एक प्रीमियर पद्मिनी आजही माझ्या दारात उभी आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ साली कायमची निवृत्त झाली. आमची मात्र अजून सेवेत आहे. गेल्या हिवाळ्यात ती चढावर धापा टाकू लागली आणि उभी असताना थरथरू लागली. एका कारागिराने नुसते कान देऊन निकाल दिला : रिंगा झिजल्या, इंजिन उतरवून बोअर करावे लागेल. खर्चाचा आकडा ऐकताच घरात गाडी विकण्याची भाषा सुरू झाली. मुले मात्र गप्प बसली. त्या गाडीतूनच ती लहानपणी आजोळी जात असत.

सिलिंडरमध्ये आलेले पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पिस्टनने नीट दाबले गेले, तरच स्फोटाला जोर येतो. हा दाब तीन वाटांनी निसटतो : झिजलेल्या रिंगांवाटे, नीट न बसणाऱ्या व्हॉल्व्हवाटे किंवा फाटलेल्या हेड गॅस्केटमधून. लक्षणे पुष्कळशी सारखीच; उपचार मात्र अगदी निराळे. म्हणून आधी मोजमाप, मग निदान.

इंजिन गरम करावे, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हातब्रेक ओढावा. चारही प्लग काढावेत, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची तार सोडवावी. प्लगच्या भोकात दाबमापक बसवावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि सेल्फने इंजिन पाच-सहा फेरे फिरवावे. आमचे आकडे आले ते दर चौरस इंचास १२०, ११८, ७५ आणि १२० पौंड. दोष तिसऱ्या सिलिंडरमध्ये होता. शेजारशेजारचे दोन आकडे एकदम पडले असते, तर संशय गॅस्केटवर गेला असता.

आता खरी परीक्षा. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑईल सोडून पुन्हा मोजावे. तेल रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवते. म्हणून आकडा चढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा. व्हॉल्व्हची गळती त्याने बुजत नाही. आमचा काटा ७५ वरून जेमतेम ७८ वर गेला. झाकण काढून फीलर गेज लावला, तो त्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फटच उरली नव्हती! असा व्हॉल्व्ह गरम झाल्यावर पूर्ण मिटत नाही, बैठकीला टेकून त्याची उष्णता उतरत नाही आणि त्याची कड जळू लागते. हेड उतरवून व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक घासून घेतली, फट नेमकी ठेवली. आकडा ११५ वर आला. पिस्टनला हातही लावावा लागला नाही.

तो कारागीर लबाड नव्हता; त्याने मोजले नव्हते, इतकेच. आपल्यापैकी ज्यांच्या दारात अशी वृद्ध गाडी असेल, त्यांनी तिला मोडीत काढण्यापूर्वी चमचाभर तेलाची ही साक्ष अवश्य घ्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.