विश्राम बेडेकर : लेखणी आणि पडदा



विश्राम बेडेकर (१९०६–१९९८) म्हटले की आपण 'रणांगण' म्हणतो आणि थांबतो. १९३९ मधील ती एकच कादंबरी देऊन हा लेखक चित्रपटात हरवला, अशी हळहळ अनेक अभ्यासक व्यक्त करतात. मला ती मान्य नाही.

मुळात चित्रपट आधी आला. आपल्या मंगेशीच्या मास्टर दीनानाथांच्या बळवंत मंडळीसाठी बेडेकरांनी 'ब्रह्मकुमारी' हे नाटक लिहिले. मंडळी बोलपटाकडे वळताच १९३४ मध्ये चिंतामणराव कोल्हटकरांसह 'कृष्णार्जुनयुद्ध' दिग्दर्शित केले. पुढे ते चित्रपटतंत्र शिकण्यासाठी इंग्लंडला गेले. परतीच्या बोटप्रवासाने 'रणांगण' दिले. हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेल्या हर्टाचे दुःख लेखक समजावीत बसत नाही. प्रसंग दाखवतो आणि पुढे सरकतो. ही शिस्त पटकथाकाराची आहे.

मग १९४१ चा 'शेजारी'. दिग्दर्शन शांतारामबापूंचे, लेखन बेडेकरांचे. धरणापायी दुरावलेले हिंदू-मुसलमान मित्र फुटत्या धरणावर हातात हात घेऊन मरण पत्करतात. हिंदी 'पडोसी'त ठाकूर झाले मझहर खान आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार! फाळणी तेव्हा सहा वर्षांवर होती. असे लेखन कादंबरीहून कनिष्ठ कोणत्या निकषावर ठरवायचे?

'एक झाड आणि दोन पक्षी' या आत्मचरित्राला १९८५ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. हरमलच्या मुलांनी ते अवश्य वाचावे. पण शिक्षकांना माझी विनंती आहे की, 'शेजारी'ही त्यांना दाखवा, आणि तो मराठीच्या तासाला दाखवा.