सिक प्लॉटमधली तूर

बेंबळीकर मंडळी,

‘विद्यापीठातली राष्ट्रीय संशोधन केंद्रं’ असा विषय पत्रिकेत वाचून पुण्या-मुंबईचं काहीतरी ऐकायला मिळणार, असं पुष्कळांना वाटलं असेल. मी मात्र परभणी आणि बदनापूरबद्दल बोलणार आहे, आणि सुरुवात तुमच्या तुरीपासून करणार आहे.

सोयाबीन निघतं, तूर फुलोऱ्यात येते, आणि चांगलं उभं झाड बघता बघता माना टाकतं. खोड उभं चिरलं की सालीखाली काळ्या रेघा दिसतात. ही मर. तिची बुरशी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहते, वरून फवारून ती जात नाही. दुसरा रोग वांझ. यात झाड मरत नाही, उलट झुडपासारखं दाट वाढतं. पण पानं फिकट आणि चट्ट्याचट्ट्यांची होतात, शेंगांचं नाव नाही. साध्या डोळ्यांना न दिसणारी कोळी ही कीड त्याचा विषाणू झाडाझाडांवर पोचवते.

जालना जिल्ह्यात बदनापूरला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. तुरीवरच्या अखिल भारतीय समन्वित संशोधनात ते देशाचं एक केंद्र म्हणून काम करतं. तुरीच्या अशा संशोधनात एक रान मुद्दाम रोगट ठेवलेलं असतं. त्याला सिक प्लॉट म्हणतात. मर लागून वाळलेली झाडं तोडून त्याच मातीत मिसळायची, काही ओळींनंतर हमखास मरणाऱ्या वाणाची एक ओळ पेरायची. ती ओळ मेली तर समजायचं की रोग जोमात आहे, आणि मग शेजारी जे तगलं ते खरं तगलं. वांझ रोगाची परीक्षा तर मला फार विलक्षण वाटते. रोपाला पहिली पानं फुटली की रोगट झाडाचं पान त्यांच्यावर दुमडून ठेवायचं आणि ऑफिसात कागदांना मारतो तशी स्टेपलरची पिन मारायची. पान सुकू लागलं की कोळी निमूट ताज्या पानावर उतरते. असं एकेक रोप, वाकून वाकून. बीएसएमआर ७३६ हा वाण दोन्ही रोगांना दाद देत नाही, त्यामागे अशीच मेहनत आहे.

आता ‘राष्ट्रीय’ या शिक्क्याचा अर्थ काय? १९५७ साली मक्यापासून आपल्याकडे समन्वित प्रकल्प सुरू झाले. कृषी विद्यापीठातल्या अशा केंद्राचा तीन चतुर्थांश खर्च भारतीय कृषी अनुसंधान परिषद देते, उरलेला राज्य सरकार. पैशाइतकीच मोलाची आहे ती शिस्त. नवा वाण सांकेतिक क्रमांकाने वेगवेगळ्या राज्यांत जातो. कुणी पैदा केला हे पेरणाऱ्याला कळत नाही. तो जुन्या, नावाजलेल्या वाणाशेजारी पेरला जातो. एकाच तुकड्यात नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या विखुरलेल्या अनेक तुकड्यांत, म्हणजे एखाद्या भारी पट्टीचं श्रेय बियाण्याला मिळू नये. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ साली गेले आणि शेतीच्या प्रयोगाला हे गणित त्यांनी दिलं. तिथल्या एका शेतात तर १८४३पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे! आपल्या वाणाची परीक्षा काही हंगाम चालते, नापास झालेला गुपचूप गळतो. दुकानातल्या रंगीत पिशवीवरच्या दाव्यापेक्षा मला हे गळणं जास्त विश्वासाचं वाटतं.

परभणीचं विद्यापीठ १८ मे १९७२ला स्थापन झालं. ज्वारी, सोयाबीन, कोरडवाहू शेती यांची समन्वित केंद्रं तिथे आहेत. ‘परभणी शक्ती’ ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साथीने तिथून २०१८ साली आली. भाकरीवर वाढणाऱ्या मुलाबाळांच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट आहे.

पण माझं एक गाऱ्हाणंही आहे. परीक्षेचं रान बहुधा केंद्राचं असतं: सपाट, राखलेलं. आपल्या धाराशिव जिल्ह्यात एकाच बांधाच्या अलीकडे काळी आणि पलीकडे मुरमाड जमीन. हलक्या रानात डिसेंबर उजाडेपर्यंत ओल संपते. तिथे साधारण १५० ते १५५ दिवसांत हाती येणारी बीडीएन ७११ ही तूर आणि तिच्याहून बरेच दिवस घेणारी बीएसएमआर ७३६, यांतली निवड रोगावर नाही, ओलीवर ठरते. तो निकाल तुमच्या रानातच लागायचा. शास्त्रज्ञांच्या मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या तर तो कोण लावणार? आमदारांना रस्त्याबद्दल विचारतो, तसं या जागांबद्दलही विचारलं पाहिजे.

विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र तुळजापूरला आहे, शेतकऱ्याच्या रानात चाचण्या घेणं हे त्याचं कामच आहे. खरिपाआधी दहा-पंधरा जणांनी मिळून जा. हलकं, मध्यम, भारी अशा तिन्ही रानांचे गट नंबर लिहून न्या, एकेका रानात दोन वाण शेजारी शेजारी मागा. पेरणीची तारीख, पावसाचे खंड, वाळलेली झाडं आणि उतारा एका वहीत लिहा. कोणतं पीक कधी माना टाकतं हे तुमच्याइतकं जवळून कुणी पाहत नाही; ते कागदावर आलं की परभणीला पुढच्या चाचणीसाठी उपयोगी पडेल.