वर फेकलेल्या चेंडूचं त्वरण

आजचा विषय शाळेतला आहे, पण तो आई-बाबांनीही ऐकावा. घरात कुणी हायस्कूलमध्ये फिजिक्स शिकत असेल, तर हा प्रश्न कधी ना कधी तुमच्यापुढे येणारच. चेंडू सरळ वर फेकला आणि तो सर्वांत उंच जागी पोहोचला. त्या क्षणी त्याचा वेग किती? आणि त्वरण किती?

पहिलं उत्तर बहुतेकांना येतं: शून्य. दुसऱ्यालाही बरीच मुलं शून्यच म्हणतात आणि तिथेच गुण जातात.

कागद-पेन्सिल घ्या, आकडेच मांडू. हवेचा अडथळा तूर्त सोडून देऊ. चेंडू सेकंदाला १९.६ मीटर वेगाने वर फेकला, म्हणजे ताशी साधारण ४४ मैल. एका सेकंदानंतर वेग राहतो ९.८. दोन सेकंदांनंतर शून्य, तेव्हा चेंडू १९.६ मीटर उंचावर असतो. तीन सेकंदांनंतर वेग उणे ९.८, चार सेकंदांनंतर उणे १९.६ आणि चेंडू परत हातात. इथे उणे म्हणजे खालची दिशा, एवढंच.

आता दर सेकंदाला फरक किती पडला? वर जाताना ९.८, खाली येतानाही ९.८. मधे, वर पोहोचल्यावर, या हिशेबाला सुट्टी मिळाली नाही. हा फरक म्हणजेच त्वरण, आणि त्याची दिशा पूर्ण वेळ खालीच आहे.

तरीही मूल म्हणेल, "पण बाबा, तो तिथे थांबलाय ना?" तेव्हा उलट विचारा, "वेगही शून्य आणि त्वरणही शून्य असेल, तर तो खाली येईल कशाला? तिथेच लटकून नाही का राहणार?" बहुतेक वेळा एवढ्यावर डोक्यात प्रकाश पडतो.

गोंधळ शब्दामुळेही होतो. त्वरण म्हटलं की त्वरा आठवते, घाई आठवते. पण शास्त्रात वेग वाढला, घटला किंवा त्याची दिशा बदलली, तरी ते त्वरणच.

माझ्या सल्लागारीच्या कामातही हे रोज दिसतं. विक्रीचा आकडा वर जात असतो म्हणून सगळे खुश असतात, पण दर तिमाहीला वाढ आधीपेक्षा कमी होत असते. आलेख सपाट होईपर्यंत कुणी विचारत नाही. आज आपण कुठे आहोत हा एक प्रश्न, आणि बदल कोणत्या दिशेने चाललाय हा दुसरा.

मुलांचं पुस्तक इंग्रजीत असलं म्हणून मागे सरू नका. व्हेलॉसिटी म्हणजे वेग, ॲक्सिलरेशन म्हणजे त्वरण. आपण हे मराठीतून शिकलो असू, तर मराठीतूनच समजावू शकतो.

जाता जाता गृहपाठ. चंद्रावर गुरुत्व त्वरण साधारण १.६ आहे. तोच चेंडू त्याच वेगाने फेकला, तर वर पोहोचायला किती सेकंद लागतील? मुलांसोबत बसून काढा. उत्तर बाराच्या आसपास आलं, तर गणित जमलं. आणि तिथे वर पोहोचल्यावर त्वरण किती, हेही त्यांना जरूर विचारा.