हिशेब आपला, नावही आपलं

(बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)

सुरुवातीला माझ्याच एका चुकीची गोष्ट सांगते. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी पहिल्यांदा एका गावात सर्वेक्षणाला गेले होते. घरोघरी बसून फॉर्म भरत होते. एका घरी पुरुषाच्या नावापुढे मी 'शेतमजूर' लिहिलं आणि बाईच्या नावापुढे, तिला न विचारताच, 'घरकाम'. ती शेजारीच अंडी मोजत बसली होती. तिने विचारलं, "काय लिहिलंत ताई?" मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग शेळ्या कोण पाळतं? बुधवारच्या बाजारात कोण बसतं? पोराची फी कुणी भरली?" मी खाली मान घालून 'घरकाम' खोडलं आणि 'शेळीपालन, अंडीविक्री' असं लिहिलं. दोन वर्षांच्या शिक्षणाने मला जे दिसलं नव्हतं, ते तिने तीन प्रश्नांत दाखवलं.

आज सकाळपासून इथे 'उद्योजिका' हा शब्द बऱ्याचदा आला. हे आपल्याबद्दल चाललंय, असं आपल्यापैकी कितीजणींना वाटलं? शहरातली मुलगी शिकून धंद्यात पडली की तिचं 'करिअर' होतं. आपण पहाटे उठून चटणी कुटतो, मशीनवर ब्लाऊज शिवतो, भाजीची पाटी घेऊन बाजार गाठतो, त्याला मात्र 'संसाराला हातभार' म्हणतात. हातभार म्हटलं की मुख्य भार दुसऱ्याच कुणाचा तरी ठरतो. नफ्याचा निर्णयही मग त्याचाच.

म्हणून मला साताऱ्याच्या माण तालुक्यातलं म्हसवड आठवतं. माण हा कायम दुष्काळी तालुका. मुंबईत वाढलेल्या आणि जयप्रकाशांच्या आंदोलनातून घडलेल्या चेतना गाला सिन्हा ऐंशीच्या दशकात लग्न होऊन तिथे आल्या. रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. पावसाळ्याआधी डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घालता यावा, म्हणून तिला थोडे थोडे पैसे साठवायचे होते. बँक तिचं खातं उघडायला तयार नव्हती. तिला कुणाची मदत नको होती, कर्जही नको होतं. स्वतःच्या कष्टाचे पैसे सुरक्षित ठेवायला जागा हवी होती, एवढंच.

तेव्हा बायकांनी ठरवलं, आपलीच बँक काढू. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि नामंजूर झाला. कारण काय, तर बँक काढणाऱ्या बायकांपैकी कित्येक निरक्षर होत्या, कागदावर सह्यांऐवजी अंगठे होते.  पण बायकांनी लिहिणं-वाचणं शिकायला घेतलं आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, असं आव्हान त्यांनी दिलं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्याआधी १९७४ साली अहमदाबादला 'सेवा'च्या कष्टकरी बायकांनीही अशीच स्वतःची बँक काढली होती. अक्षर न येणाऱ्या बाईला हिशेब येत नाही, हा समज बायकांनी पुन्हा पुन्हा खोटा पाडला आहे.

माझ्या दृष्टीने खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. बँक निघाली, पण बँकेत येण्यासाठी दिवसाची मजुरी बुडायची. मग बँकेची माणसं बायकांच्या दारी जाऊ लागली. पुढे बायकांनी सांगितलं, पासबुक घरी नेलं की शिल्लक कळते आणि नवरा पैसे मागतो. मग पासबुकाचीच पद्धत बदलावी लागली. या अडचणी कुठल्या पुस्तकात नव्हत्या. त्या बायकांनी सांगितल्या आणि सांगणाऱ्यांचं ऐकलं गेलं, म्हणून सुटल्या. गरिबांसाठी दुय्यम तोडगे काढू नका, असं चेतनाताई सांगतात. २०१२ च्या दुष्काळात याच मंडळींनी म्हसवडला जनावरांची छावणी उभी केली. चाऱ्यासाठी बायका अंगावरचं सोनं गहाण टाकायला येत होत्या. तेव्हा नुसतं कर्ज देऊन चालणार नव्हतं, हे त्यांनी ओळखलं. धंदा आणि समाज यांची फारकत करता येत नाही, ती अशी.

मैत्रिणींनो, आता आपल्या गटांकडे येते. खरं बोलायला हवं. कर्जाच्या कागदावर सही बाईची, पैसे घेतो घरातला पुरुष, आणि हप्ता थकला की वसुलीवाला बाईच्या दारात! शेजारणी-शेजारणींत भांडणं लागतात ती त्यातूनच. याला आपण सक्षमीकरण म्हणायचं का? ती तर नव्या कागदावरची जुनीच वेठ झाली. बाईच्या हातात पैसा आला म्हणजे सत्ता आली, असं आपोआप होत नाही. तो पैसा कुठे जाणार, हे ठरवण्याचा अधिकार तिला मिळाला, तरच काही बदलतं.

म्हणून पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करण्याआधी एकमेकींना चार प्रश्न विचारू. धंद्याच्या परवान्यावर नाव कुणाचं? पासबुक कुणाजवळ? माल घ्यायला आणि विकायला कोण जातं? गेल्या महिन्याचा नफा कुणी, कशावर खर्च केला? उत्तरं वहीत लिहून ठेवा. कुणाला लिहिता येत नसेल तर शेजारणीने लिहावं. सहा महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारा. एखादीचं उत्तर बदललं नसेल तर तिला दोष देऊ नका. चौघी मिळून तिच्या घरी जा, तिच्याबरोबर बँकेत जा.

त्या अंडी विकणाऱ्या बाईने मला तिचा धंदा लिहायला लावला, पण परवा भेटली तेव्हा म्हणाली, शेळ्यांचं कर्ज अजून नवऱ्याच्याच नावावर आहे. फॉर्मवरचा शब्द मी खोडू शकले. ते नाव बदलायचं काम माझ्या एकटीचं नाही, तिच्या एकटीचंही नाही. ते आपल्या सगळ्यांचं आहे.