खडा फोडताना घाई नको



मुतखड्याची कळ ज्याने सोसली आहे त्याला तिचं वर्णन ऐकवायला नको, आणि ज्याने सोसली नाही त्याला ते खरं वाटणार नाही. म्हणून मी थेट प्रयोगशाळेत शिरतो. खडा जोरावर फुटतो, अशी आपली सगळ्यांची समजूत. ती अर्धवट आहे, आणि हे कळायला यंत्रं बनवणाऱ्यांनाही बरीच वर्षं लागली.

शरीराबाहेरून आघात करून खडा फोडणाऱ्या यंत्राचा जन्म विमानांच्या कारखान्यातला. जर्मनीत बोडेन्झे सरोवराच्या काठी फ्रीड्रिक्सहाफेन नावाचं गाव आहे. तिथली डॉर्निअर कंपनी विमानं बांधायची. स्वनातीत वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले तर धातूचं काय होतं, हे तपासताना तिथल्या मंडळींचं लक्ष आघाततरंगांकडे, म्हणजे दाबाच्या अचानक उसळणाऱ्या लाटांकडे गेलं. हा तरंग पाण्यातून शरीरात जवळजवळ न अडखळता शिरतो; ध्वनीच्या हिशेबाने मांस म्हणजे बरंचसं पाणीच. कठीण खडा लागला की मात्र तिथे ताण निर्माण होतो. म्युनिकचे ख्रिस्तिअन शौसी आणि त्यांचे सहकारी यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडात माणसांचे खडे बसवून ते फोडून पाहिले, आणि 7 फेब्रुवारी 1980 रोजी पहिल्या रुग्णावर उपचार झाले.

पुढे आलं एचएम-3 हे यंत्र. रुग्णाला चक्क पाण्याच्या टबात बसवायचे. खाली लंबवर्तुळाकार परावर्तक; त्याच्या एका नाभीवर पाण्याखाली ठिणगी पाडायची आणि दुसऱ्या नाभीवर खडा येईल असं रुग्णाला सरकवायचं. टब अवजड, खर्चिक, शिवाय भूल द्यावी लागे. म्हणून नंतरच्या यंत्रांनी टब काढून टाकला, अंगाला टेकणारी पाण्याची उशी आणली, आणि मारा अरुंद जागेत, पण जास्त दाबाने करायला सुरुवात केली. कागदावर ही सुधारणाच होती. पण बऱ्याच नव्या यंत्रांना जुन्या एचएम-3 इतकं यश काही मिळेना!

इथून खरी मजेदार गोष्ट सुरू होते. खऱ्या खड्यांवर प्रयोग करणं कटकटीचं, कारण एकासारखा दुसरा नसतो. म्हणून संशोधकांनी प्लास्टरचे, सिमेंटसारख्या मिश्रणांचे एकसारखे कृत्रिम खडे ओतले आणि पाण्याच्या टाकीत टांगून फोडले. तरंग खड्यात शिरून मागच्या बाजूवरून उलटतो आणि तिथे कपची उडवतो, हे माहीत होतं. पण सिएटलमधल्या एका संशोधक गटाने 2007 मध्ये दाखवलं की खड्याच्या बाजूने, पाण्यातून जाणारा तरंगाचा भाग त्याहून कामाचा आहे. तो कडेवरून आत कर्तनतरंग, म्हणजे आडवे सरकवणारे तरंग, सोडतो आणि ते खड्याच्या पोटात एकत्र येतात. म्हणजे मारा खड्याहून रुंद हवा. अरुंद झोत नेमक्या या कामात कमी पडत होता.

दुसरा धडा बुडबुड्यांचा. तरंगाच्या मागे येणाऱ्या ऋण दाबामुळे खड्याभोवती सूक्ष्म बुडबुडे फुगतात आणि कोसळतात. कोसळताना ते खड्याचा पृष्ठभाग कुरतडतात, हे फायद्याचंच. पण त्यांचे अवशेष विरायच्या आत पुढचा आघात आला, तर त्याची शक्ती बुडबुडेच खाऊन टाकतात. इंडियानात डुकरांच्या मूत्रपिंडात प्लास्टरचे खडे ठेवून पाहिलं: मिनिटाला 120 आघातांपेक्षा 30 आघातांनी ते अधिक चांगले फुटले. टोरँटोच्या 2005 च्या चाचणीत रुग्णांमध्येही मिनिटाला 60 चा वेग 120 पेक्षा सरस ठरला. उपचार लांबतो, हे खरं. त्यामुळे वेग वाढवण्याचा मोह शस्त्रक्रियागृहात कायम असतो, आणि माझ्या मते या उपचारावरच्या नाराजीचा काही वाटा त्या मोहाच्या खात्यावर जातो.

तिसरी गोष्ट अगदी क्षुल्लक वाटेल: पाण्याची उशी आणि कातडी यांच्यामधलं जेल. त्यात हवा अडकली की तरंग तिथूनच परततो. प्रयोगात केवळ 2 टक्के जागेवर हवा असताना खडा फुटण्याचं प्रमाण 20 ते 40 टक्क्यांनी घटलं. कोट्यवधींचं यंत्र, आणि सगळं अडतं जेल कसं फासलं यावर.

प्रत्येक खडा अर्थातच असा फुटत नाही. सिस्टिनचे आणि कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेटचे खडे चिवट; तिथे बहुतेकदा दुर्बिणीतून लेसर नेतात. होल्मियम लेसर खड्याची बारीक पूड करतो. पण शक्ती वाढवून, पाण्याचा प्रवाह कमी ठेवून चालवला तर आजूबाजूचं पाणी ऊतींना इजा होण्याइतकं तापू शकतं, हेही टाकीतल्या प्रयोगांनीच दाखवलं. थुलियम फायबर लेसर आता त्याच्या शेजारी येऊन बसला आहे.

सिएटलमध्ये 2015 पासून एक वेगळीच वाट चोखाळली जाते आहे. एकेक प्रचंड आघात न करता कमी दाबाच्या अल्ट्रासाउंडचे छोटे झोत लागोपाठ सोडायचे. यात वारंवारता वाढवली की तुकडे लहान पडतात. म्हणजे तुकड्याचा आकार आधीच ठरवता येतो. माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांचे निकाल 2022 मध्ये प्रसिद्ध झाले आहेत.